मदत हवी आहे: नागोयातील बैठकीपूर्वी जपानी शिष्टाचाराविषयी काही शंका

नमस्कार.

चाकण येथील एका लहान कारखान्यात मी विक्री विभाग सांभाळतो. आम्ही मोटारींसाठी लागणारे रबराचे सुटे भाग तयार करतो. पुढील महिन्यात कारखान्याच्या मालकांबरोबर मला पाच दिवस नागोयाला जायचे आहे आणि आम्हा दोघांचीही ही पहिलीच जपानवारी आहे. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यावे, टीप देऊ नये, भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नयेत, एवढी माहिती सगळीकडे मिळते. त्यामुळे त्याविषयी विचारत नाही.

माझी मोठी शंका होकार-नकाराची आहे. याच ग्राहक कंपनीबरोबर आमच्या तीन ऑनलाइन बैठका झाल्या. प्रत्येक मुद्द्यावर समोरून ‘हाय, हाय’ असे ऐकू येत होते, दुभाषी त्याचे ‘होय’ असे भाषांतर करीत होता, आणि दर मान्य झाला असे समजून आम्ही नव्या साच्याचे काम सुरूही करून टाकले. दोन महिन्यांनी कळले की दराचा निर्णय झालेलाच नव्हता. समोरासमोर बसल्यावर अशी चूक पुन्हा होऊ नये म्हणून कशाकडे लक्ष द्यावे?

दुसरे असे की आमचे मालक कडक शाकाहारी आहेत, अंडेही खात नाहीत आणि मद्यही घेत नाहीत. यजमानांनी एका संध्याकाळी जेवणाचे निमंत्रण दिले आहे. त्यांचा अवमान न होता हे त्यांना कसे कळवावे?

प्रतिसाद १

मी नोकरीनिमित्त काही वर्षे जपानमध्ये होतो. बोलणाऱ्याला मध्येमध्ये ‘हाय’ म्हणणे याला तिकडे ‘आइझुची’ म्हणतात. आपण फोनवर ‘हं, हं’ करतो तसेच ते आहे. त्यातून आपले बोलणे ऐकले जात आहे एवढेच समजते. ‘केन्तो शिमासु’, म्हणजे ‘विचार करू’, हे मात्र कान देऊन ऐका, कारण आपल्याकडचे ‘बघू या’ जेवढे आश्वासक असते तेवढेच तेही असते. ‘मुझुकाशी’, म्हणजे ‘अवघड आहे’, असे म्हणत कोणी दातांमधून हवा आत ओढली, तर तो बहुधा नकारच समजावा.

बैठकीतच निर्णय मिळेल अशी अपेक्षा मुळात ठेवू नका. झाड दुसरीकडे लावण्यापूर्वी त्याच्या मुळांभोवती आधीच खणून ठेवतात, त्यावरून आलेला ‘नेमावाशी’ हा शब्द तिथल्या कचेऱ्यांत रोजचा आहे: संबंधित प्रत्येकाशी आधी स्वतंत्रपणे बोलून घ्यायचे आणि बैठकीत ठरलेल्यावर शिक्कामोर्तब करायचे. म्हणून कोटेशन आणि ड्रॉइंग निघण्यापूर्वीच पाठवा, बैठकीत ‘हो की नाही’ असे न विचारता ‘आपल्याकडील निर्णय साधारण केव्हापर्यंत होईल’ असे विचारा, आणि त्याच संध्याकाळी आपल्याला काय समजले ते ईमेलने लिहून कळवा. लेखी उत्तर येईपर्यंत साच्याला हात लावू नका.

प्रतिसाद २

जेवणाबाबत कळवण्यात अवमान मुळीच नाही. ऐनवेळी सांगितले तर मात्र यजमानांची पंचाईत होते, कारण ठरावीक पदार्थांचे जेवण अनेकदा आधीच नोंदवलेले असते. निदान दोन आठवडे आधी लिहा, आणि ‘शाकाहारी’ एवढ्यावर थांबू नका. ‘दाशी’ हा रस्सा सहसा ‘कात्सुओबुशी’, म्हणजे वाळवून किसलेल्या माशापासून बनतो आणि मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या, सूपपासून भाज्यांच्या तेंपुराबरोबरच्या (भज्यांसारख्या तळणाबरोबरच्या) पातळ चटणीपर्यंत सगळीकडे असतो. नागोयाकडचे लाल मिसो सोयाबीनचेच असते, पण त्याच्या सूपमध्ये दाशी असतेच असे धरून चाला. ‘मांस, मासे, अंडी आणि माशाची दाशी चालत नाही’ असे जपानीत लिहून घेतलेली चिठ्ठी मालकांच्या खिशात असू द्यावी.

मद्याचे फारसे अवघड नाही. ‘कांपाई’ म्हणत सगळे पेले उंचावतात त्या वेळी उलोंग चहाचा पेला उचलला तरी चालतो. शेजाऱ्याचा पेला रिकामा दिसला तर आपण भरावा. आपला पेला तेच भरतील.

मूळ लेखक

दोघांचेही मनापासून आभार. ईमेलचा मसुदा उद्याच करतो. एकच राहिले: बैठकीत मालकांनी कुठे बसावे?

प्रतिसाद १

दारापासून सर्वांत दूरची जागा, ‘कामिझा’, पाहुण्यांतील ज्येष्ठाची असते. यजमान दाखवतील तिथेच बसा. टॅक्सीत चालकाच्या मागची जागा मानाची, म्हणून मालकांना आधी आत जाऊ द्या. मागचे दार चालकच उघडतो आणि लावतो, तेव्हा ते ओढू नका.