झटपट कर्जाच्या जाहिराती मुलांपासून दूर ठेवाव्यात काय?

प्रश्न : शिक्षिका, प्रतापनगर

सर्व सभासदांस नमस्कार. मी नागपुरातील एका माध्यमिक शाळेत शिकवते. आठवी-नववीची मुले मोबाइलवर खेळताना दोन डावांच्या मध्ये ‘पाच मिनिटांत पैसे खात्यात, कागदपत्रांची कटकट नाही’ अशा जाहिराती पाहतात आणि त्यांतील संवाद मधल्या सुट्टीत एकमेकांना म्हणून दाखवतात. पगार होईपर्यंत पंधरा-वीस दिवसांची सोय म्हणून घ्यायचे हे कर्ज व्याजाने जबर असते, हे जाहिरातीत कुठेही ठळकपणे येत नाही. अठरा वर्षांखालील मुलाला हे कर्ज मिळतच नाही, तेव्हा जाहिरात पाहून त्याचे काय बिघडणार, असे माझ्या काही सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, कारण सहलीच्या किंवा शिकवणीच्या पैशांवरून घरात ओढाताण चालू असली की ‘अ‍ॅपवरून घ्या ना’ असे मूलच आईवडिलांना सुचवू लागते. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, तशी मर्यादा या जाहिरातींना मागता येईल काय? पालक-शिक्षक संघाच्या सभेत हा विषय मांडण्याचा विचार आहे.

उत्तर : निवृत्त बँक अधिकारी, धरमपेठ

मॅडम, आपला मुद्दा रास्त आहे, परंतु यार्डांचे माप इथे फारसे कामाचे नाही. होर्डिंगला महापालिकेची परवानगी लागते, त्यामुळे शाळेसमोरच्या फलकाविरुद्ध तिथे अर्ज करता येईल. पण आपण वर्णन केलेली जाहिरात मुलाच्या हातातल्या फोनवर येते आणि त्याच्याबरोबर घरी जाते.

ब्रिटनमध्ये हा वाद टीव्हीवरून झाला. ऑफकॉम या तेथील प्रसारण नियामकाच्या पाहणीनुसार २०१२ मध्ये ४ ते १५ वयाच्या मुलांनी सरासरी ७० अशा जाहिराती पाहिल्या होत्या. वोंगा ही त्या धंद्यातली सर्वांत गाजलेली कंपनी. तिच्या जाहिरातींत आजी-आजोबांच्या बाहुल्या असत, आणि मुलांना त्या आवडू शकतील या कारणाने २०१४ मध्ये त्या बंद कराव्या लागल्या. माझ्या मते खरा फरक मात्र पुढच्या वर्षी पडला. जानेवारी २०१५ पासून तिथे व्याज व शुल्क मिळून दिवसाला ०.८ टक्क्यांची कमाल मर्यादा आली आणि एकूण व्याज-शुल्क मूळ कर्जाच्या रकमेहून अधिक घेता येणार नाही, असेही ठरले. २०१८ मध्ये वोंगा बुडाली.

आपल्याकडे मुलांना हिशेब शिकवणे अवघड नाही. दहा हजारांचे कर्ज पंधरा दिवसांसाठी घेतले आणि त्यावर पाचशे रुपये दिले, तर ऐकताना ते पाच टक्केच वाटतात. वर्षाच्या हिशेबाने तो दर १२० टक्क्यांच्या वर जातो. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार २०२२ पासून हा वार्षिक दर कर्जदाराला करारापूर्वीच लेखी सांगावा लागतो. तो जाहिरातीतही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत असावा, ही मागणी मला बंदीपेक्षा अधिक उपयोगाची वाटते.

उत्तर : कारखाना कर्मचारी, हिंगणा एमआयडीसी

मी थोडे विरोधी लिहितो, राग नसावा. आमच्याकडे महिन्याच्या वीस तारखेनंतर पैसे लागतात, कारण बहुतेकांची पगारातली उचल आधीच झालेली असते. भिशी लागली नाही आणि किराणावाल्याने उधारी थांबवली की माणूस अ‍ॅप उघडतो, मग त्याच्या मुलाने जाहिरात पाहिलेली असो वा नसो.

दुसरे असे की, ६० दिवसांच्या आत पूर्ण परतफेड मागणाऱ्या वैयक्तिक कर्जाच्या अ‍ॅपला गूगल प्ले स्टोअरच्या धोरणात परवानगीच नाही. त्यामुळे सर्वांत वाईट अ‍ॅप टेलिग्रामवरच्या लिंकमधून येतात. उघड जाहिराती बंद केल्या तर नियम पाळणाऱ्या कंपन्या मागे पडतील आणि लिंकवाल्यांचे फावेल. तसेच सहलीचे पैसे दोन हप्त्यांत घेण्याचा ठराव शाळेने केला, तर पालकांना त्याचा उपयोग जास्त होईल, असे मला वाटते.

उत्तर : वकील, सिव्हिल लाइन्स

अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल असतो, हे प्रिव्ही कौन्सिल या ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने १९०३ मध्येच मोहरी बीबी प्रकरणात स्पष्ट केले. पण तो संरक्षणाचा मुद्दा कर्जापुरता आहे. कर्जाकडे पाहण्याची सवय लावण्याविरुद्ध त्याचा उपयोग नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातीने त्यांच्या अननुभवाचा फायदा घेऊ नये आणि पालकांकडे हट्ट धरायला त्यांना थेट प्रवृत्त करू नये, असे त्यांत आहे. अडचण ‘उद्देशून’ या अटीची आहे. कर्ज देणारी कंपनी म्हणेल की आमची जाहिरात प्रौढांसाठीच आहे. खेळाच्या अ‍ॅपमध्ये ती मूल पाहते, हा योगायोग. आपण जी फट शोधत आहात, ती नेमकी इथे आहे, आणि मागणीही इथेच हवी : जो खेळ किंवा वाहिनी प्रामुख्याने मुले पाहतात, तिथे कर्जाची जाहिरात दाखवूच नये.

वैयक्तिक विदासंरक्षणाच्या (डेटा संरक्षणाच्या) २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांचा माग ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिरात दाखवण्यास मनाई आहे. आईच्या नावाने चालणाऱ्या फोनवर मात्र ते कलम लंगडे पडेल, कारण यंत्रणेच्या लेखी तो फोन प्रौढाचाच आहे. वरील गृहस्थांनी मांडलेली लिंकची अडचण खरी आहे, पण त्यामुळे उघड जाहिरातींना मोकळे रान द्यावे, हा निष्कर्ष मला मान्य नाही. लिंकवाल्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर तक्रार करता येते. वसुलीच्या नावाखाली धमक्या येत असतील, तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवरही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. यार्डांची मागणी मी सोडून देत आहे. सभेत ठराव मांडताना मुलांच्या खेळांमधील कर्जाच्या जाहिराती बंद कराव्यात आणि वार्षिक दर ठळक छापावा, या दोन मागण्या ठेवीन, आणि सहलीचे पैसे हप्त्यांत घेण्याची सूचना मुख्याध्यापकांकडे स्वतंत्रपणे देईन. नववीच्या गणिताच्या तासाला दहा हजारांचे ते उदाहरण घ्यायला वर्गशिक्षक तयार झाले आहेत.