आडव्या रेघेने सुरू होणारी फाइल का पुसली जात नाही
लिनक्सवर फाइल पुसण्याची आज्ञा म्हणजे ‘आरएम’ (rm); नाव अवतरणचिन्हांत घालूनही आडव्या रेघेने (-) सुरू होणारी फाइल तिने पुसली जात नाही, अशी तक्रार आहे आणि त्यावर नावात तारांकन (*) वापरण्याचा उपाय सुचवला गेला आहे. अवतरणचिन्हे शेल (टाइप केलेली आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम) स्वतःच काढून टाकते आणि उरलेले नाव ‘आरएम’च्या हाती देते, त्यामुळे नावातली मोकळी जागा सांभाळली जाते खरी, पण पहिली रेघ तशीच राहते आणि ‘आरएम’ त्या नावाला पर्याय (आज्ञेसोबत दिलेली जादा सूचना, option) समजून तक्रार करते. सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळद व्यापाऱ्याच्या लिनक्स संगणकावर मला ‘-सौदे मार्च’ अशी फाइल भेटली होती. (दिवाणजींना ती रेघ कशी सुचली, देव जाणे.) नावाआधी टिंब व तिरकी रेघ (./) लावताच ती मुकाट्याने गेली; नावापूर्वी दोन आडव्या रेघा (--) देऊन पर्याय संपल्याचे सांगितले तरी चालते. तारांकनाचा सुचवलेला उपाय मात्र निरुपयोगी आहे, कारण शेल त्याचा विस्तार करून, म्हणजे त्याजागी जुळणारी नावे भरून, तेच रेघेचे नाव पुढे करते, आणि एखाद्या फाइलचे नाव नेमके ‘-आरएफ’ (-rf) असेल, तर ‘आरएम’ त्यालाही पर्याय समजते आणि बाकीच्या फाइली उपडिरेक्टऱ्यांसकट न विचारता जातात. ‘परवानगी नाही’ असे आल्यास फाइलची नव्हे, आधी डिरेक्टरीची लेखन-परवानगी तपासावी.