नागरिकत्व बदलल्यानंतरचे एक स्वप्न

परसदार:
सस्नेह नमस्कार. सतरा वर्षांपासून मी जर्मनीत राहते आणि गेल्या वर्षी मी जर्मन नागरिकत्व घेतले. २०२४ पासून जर्मनीला दुहेरी नागरिकत्व चालते, परंतु भारतीय कायदा ते मान्य करत नाही, त्यामुळे जुना पासपोर्ट वकिलातीत जमा करावा लागला. तो रद्द होऊन परत आला त्या आठवड्यापासून मला एकच स्वप्न वारंवार पडते. वाईजवळच्या आजोळघराची कडी मी वाजवते, आतून आजी "कोण आहे?" असे विचारते, आणि मला नाव सांगता येत नाही. जागेपणी मला कसलीही खंत नाही, निर्णय पूर्ण विचाराने घेतला होता, आणि म्हणूनच हे स्वप्न अधिक अस्वस्थ करते. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगची 'पर्सोना' (समाजापुढे धरलेला चेहरा) ही कल्पना नुकतीच वाचनात आली. नवी ओळख हा केवळ मुखवटा आणि आजोळची नात हीच खरी मी, असे समजावे का?

आडवाट:
आपल्या प्रश्नातील 'केवळ' या शब्दापाशी मी थबकलो. पर्सोना हा लॅटिन शब्द मूळचा नटाच्या मुखवट्याचा. युंगच्या मते ती व्यक्ती आणि समाज यांच्यातील तडजोड असते आणि तिच्यावाचून कोणाचेच चालत नाही; मात्र मुखवटा म्हणजेच मी असे मानले, की नेणीव, म्हणजे अबोध मन, विरोध करू लागते. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवात, देवाचे सोंग घेऊन नाचणारा माणूस खोटे वागत नसतो. शिवाय आजोळची नात हीसुद्धा एक भूमिकाच होती, त्यामुळे तिलाच खरी ठरवण्याची घाई करू नये.

स्वतः युंग इंडियन सायन्स काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवानिमित्त भारतात आला असताना, १९३८ च्या आरंभी कलकत्त्यात आमांशाने आजारी पडून दहा दिवस रुग्णालयात होता. त्यानंतर त्याला पडलेल्या स्वप्नात भारत नव्हताच. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतचे एक बेट होते आणि पवित्र ग्रेल, म्हणजे ख्रिस्ती दंतकथांमधला पवित्र प्याला, आणण्यासाठी त्याला एकट्याने पोहत जायचे होते. आपले कार्य आपल्याच परंपरेत आहे, असा अर्थ त्याने लावला.

तिसरी_घंटा:
हे उदाहरण येथे लागू पडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. युंग प्रवासी होता, त्याला परतायचे होते. परसदार यांना तेथेच राहायचे आहे. त्यांना ओळखीवर लिहिणारा मानसशास्त्रज्ञ एरिक एरिकसन अधिक जवळचा वाटेल. १९०२ मध्ये जर्मनीत डॅनिश आईच्या पोटी जन्मलेल्या एरिकला जन्मदात्याचे नाव कधीच कळले नाही, आणि तो सावत्र वडिलांचे होम्बुर्गर हे आडनाव लावून वाढला. शाळेत तो ज्यू म्हणून परका होता, तर सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळी, त्याच्या उंचीमुळे आणि सोनेरी केसांमुळे. १९३३ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि १९३९ मध्ये तेथील नागरिक होताना त्याने एरिकसन, म्हणजे 'एरिकचा मुलगा', हे आडनाव स्वतःच निवडले. ओळख म्हणजे मनातले सातत्य आणि ते सातत्य आपल्या माणसांनीही ओळखणे, या दोहोंची सांगड, असे त्याने मांडले. आपल्या स्वप्नात पहिली बाजू शाबूत दिसते. आजी ओळखेल की नाही, एवढीच शंका आहे.

जुनी_वही:
स्वप्नाचा अर्थ ज्याचे स्वप्न त्याच्याच आठवणींतून यावा, हा युंगचा आग्रह मला मोलाचा वाटतो, म्हणून अर्थ न सांगता एकच विचारते. आजीचा प्रश्न मराठीत आहे. त्या क्षणी आपण उत्तर कोणत्या भाषेत शोधत असता?

परसदार:
आपला प्रश्न वाचून दोन दिवस विचार करत होते. मी जर्मनमध्ये उत्तर शोधत असते. इथे घंटेवर आडनाव लिहिलेले असते आणि दाराशी किंवा फोनवर माणसे आधी आडनावच सांगतात. स्वप्नात मीही ते जुळवू पाहते, आणि माहेरचे सांगावे की सासरचे, येथेच अडते. पण आजोळी मला कोणी पूर्ण नावाने कधी हाक मारलीच नाही. "कोण आहे?" असे आजीने विचारल्यावर आम्ही सगळी नातवंडे फक्त "मी" म्हणत असू, आणि ती आवाजावरून ओळखून कडी काढत असे.