फिनलंड: पीटवरच्या जंगलातले जुने चर उपसावेत का?

प्रश्न: पीट म्हणजे दलदलीत साचलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. त्यावरच्या पाइनच्या जंगलातले पाणी काढायचे चर शेवाळाने भरलेत. सगळे उपसले तर खालच्या तळ्याचं काय होईल?

उत्तर १: आधी झाडोरा मोजा. हेक्टरी १२०–१५० घनमीटर लाकूड उभं असेल तर झाडंच पुरेसं पाणी ओढतात, उपसा बहुधा वायफळ. उन्हाळ्याअखेर भूजल ३५–४० सेंमी खाली असलं की भागतं. आणखी खोल गेलं तर पीट कुजून कार्बन डायऑक्साइड वाढतो.

उत्तर २: सगळी झाडं सरसकट तोडू मात्र नका. पाणी ओढायला झाडं नसली की भूजल वर येतं, पीटमधून मिथेन वायू सुटू लागतो.

उत्तर ३: खरा धोका गाळाचा. चर पीटखालच्या बारीक मातीत शिरला की काठ ढासळतात. गाळखड्डा (चरात गाळ बसावा म्हणून खणलेला खड्डा) फक्त जाड कण अडवतो. बारीक पीट, विरघळलेला नायट्रोजन निसटतोच. म्हणून तळ्याजवळचा टप्पा न उपसता ठेवा, पाणी दलदलीवर पसरू द्या.