आपली संस्कृती तपासायची कुणाच्या मापाने?

जुना नाशिककर (धागाकर्ता)

परवा इथल्याच एका व्याख्यानात वक्ते म्हणाले, भारतीय संस्कृतीची चिकित्सा भारतीय दर्शनांच्याच निकषांवर व्हायला हवी. प्लेटो, कांट, मार्क्स यांची मापं इथे लावणं ही बौद्धिक गुलामी आहे. टाळ्या भरपूर पडल्या. मला काही ते पटलं नाही, म्हणून हा चर्चाप्रस्ताव.

संस्कृतीत जे कुणी विचारतच नाही ते विचारायचं, हे तत्त्वज्ञानाचं काम. आणि घरच्या माणसाला ते सहसा सुचत नाही. हिरोडोटसने एक किस्सा दिलाय. इराणच्या दरायसने दरबारातल्या ग्रीकांना विचारलं, वडिलांचं प्रेत खायचे किती पैसे घ्याल? ते म्हणाले, जगातलं सगळं धन दिलंत तरी नाही. मग त्यांच्या देखतच त्याने हिंदुस्थानातल्या कल्लाती लोकांना बोलावलं (हे लोक आईवडिलांचं प्रेत खातात, असं हिरोडोटस सांगतो) आणि विचारलं, वडिलांना जाळायचे किती घ्याल? ते ओरडलेच, असलं अभद्र बोलू नका म्हणून. रामकुंडावर अस्थी घेऊन येणाऱ्या माणसाला प्रेत का जाळायचं हा प्रश्न पडत नाही. तो पडायला समोर दुसरा कुणी उभा असावा लागतो.

शिवाय निव्वळ 'आपलं' माप होतं तरी कधी? मध्य आशियातला विद्वान अल्-बिरुनी संस्कृत शिकला, पतंजलीचं योगशास्त्र त्याने अरबीत नेलं आणि 1030 च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात हिंदूंच्या मतांशेजारी ग्रीकांची मतं मांडली. दारा शुकोहने 1657 मध्ये पन्नास उपनिषदं फारसीत करवली, ती पुढे लॅटिनमध्ये गेली आणि तिथून जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअरच्या हातात पडली. एवढी ये-जा झाल्यावर कुंपण कुठे घालणार?

दुपारचा चहा

असहमत, आणि बऱ्यापैकी असहमत.

काका, तुमच्या किस्स्यात प्रश्न विचारतोय कोण? बादशहा. ग्रीक आणि कल्लाती एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत. दोघं त्याच्यापुढे हजर आहेत. अल्-बिरुनीचा मला आदर आहे, पण गझनीच्या महमुदाच्या स्वाऱ्यांनी रस्ता उघडला म्हणून तो इकडे पोचला. आणि जर्मन तत्त्वज्ञ हेगेल! भारतात तो कधी आला नाही, संस्कृत त्याला येत नव्हतं. भारतीय दर्शनांवरचे इंग्रज अभ्यासक कोलब्रुकचे निबंध आणि गीतेवरचं जर्मन विद्वान हुंबोल्टचं विवेचन वाचलं आणि खरं तत्त्वज्ञान ग्रीसपासून सुरू होतं हा निकाल कायम ठेवला. दीडशे वर्षं आपली पोरं तोच निकाल पाठ करून परीक्षा देत होती.

बंगालचे तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्यांनी ब्रिटिश अमलातच 'विचारांतलं स्वराज्य' मागितलं होतं. राजकीय गुलामी टोचते तरी, वैचारिक गुलामी टोचतही नाही, असा त्यांचा मुद्दा. युरोपातल्या कुठल्या विद्यापीठाने मीमांसकांचे (वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाचे) निकष लावून चर्चची चिकित्सा केली, तेवढं सांगा. माप नेहमी तिकडून इकडेच का येतं?

सातपूर एमआयडीसी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

मेनरोडची पोरगी

चहा, तुमचा हेगेलवरचा राग समजतो. पण इथून चालत जाता येईल अशा अंतरावर काळाराम मंदिर आहे, त्याबद्दल तुम्ही दोघंही गप्प कसे?

2 मार्च 1930 ला तिथे सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकर, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं. दरवाजे बंद. पुढची पाचेक वर्षं हे चाललं. मंदिरात गेल्याने आपले प्रश्न सुटतील असं बाबासाहेब तेव्हाही म्हणत नव्हते. हिंदू मन माणसाला माणूस म्हणून स्वीकारतं की नाही, याची ती परीक्षा होती. 1934 मध्ये गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात तर ते स्पष्टच लिहितात की अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून मी हे केलं नाही. मग 13 ऑक्टोबर 1935, येवला: हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा.

एका संस्कृतीची तत्त्वज्ञानाने घेतलेली याहून कडक तपासणी मला तरी माहीत नाही. ती देवळाच्या पायरीवर झाली, सेमिनारात नाही. आता सांगा, तिथे माप कुणाचं होतं? अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात त्यांना तत्त्वज्ञ जॉन ड्युई शिकवायला होते, आणि 1936 च्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात ते ड्युईंचा उल्लेख आपले गुरू म्हणूनच करतात. म्हणजे बाहेरचं? पण 1954 मध्ये आकाशवाणीवर त्यांनी सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेली नाही, ती बुद्धाकडून घेतली. म्हणजे घरचं?

ज्याच्यासाठी दार बंद आहे, त्याला हा आत-बाहेरचा हिशेब सांगूच नका.

दुपारचा चहा

ताई, तुमच्या उदाहरणाने माझंच म्हणणं बळकट होतं. बाबासाहेब बुद्धाकडे गेले, म्हणजे याच भूमीतल्या परंपरेकडे. ड्युईवर ते थांबले नाहीत.

मेनरोडची पोरगी

वा! ज्या परंपरेला इथून हुसकावलं तिलाच आता 'आपली' म्हणून पुढे करताय. सोयीचं आहे.

त्रिरश्मी

तुम्हा दोघांनाही नाशिकच्या बौद्ध लेण्यांच्या, पांडवलेणीच्या पायऱ्या चढून वर यायला सांगतो. लेणी क्रमांक 10 मध्ये उषवदाताचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. हा क्षत्रप राजा नहपानाचा जावई, वंशाने शक, म्हणजे बाहेरून आलेला. हा बाबा ब्राह्मणांना तीन लाख गाई दिल्याचं आणि दरवर्षी लाख ब्राह्मणांना जेवू घालत असल्याचं कोरून ठेवतो, आणि लेणं देतो बौद्ध भिक्षुसंघाला. नुसतं लेणंही नाही. गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेण्यांकडे (व्यावसायिक संघांकडे) 3000 कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेवतो: 2000 दरमहा शेकडा एक व्याजाने, 1000 शेकडा पाऊण टक्क्याने. मोठ्या रकमेच्या व्याजातून वर्षावासाला (पावसाळ्यात एका जागी) राहणाऱ्या वीस भिक्षूंना चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा. 2000 चं वर्षाचं व्याज 240, वीस गुणिले बारा 240. हिशेब तंतोतंत.

लेणी क्रमांक 3 त्याहून अवघड. गौतमी बलश्री आपल्या मुलाची, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची थोरवी गाते: शक, यवन, पह्लवांचा संहार करणारा, चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणारा. ही स्तुती कोरलीय कुठे? भद्रायणीय पंथाच्या बौद्ध भिक्षूंना दान दिलेल्या लेण्यात! वर्णसंकर रोखल्याचा अभिमान आणि वर्ण न मानणाऱ्या संघाला दान, एकाच भिंतीवर.

आता यात चहा म्हणतात ती 'आपली' परंपरा कोणती? शकाची, सातवाहनाची, ब्राह्मणांची, भिक्षूंची, की पैसे फिरवणाऱ्या विणकरांची? संस्कृती तपासायला निघालेले लोक आधी तिला एक तोंड देतात आणि मग त्या तोंडून हवं ते वदवून घेतात.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. बेल्जियन मिशनरी टेम्पेल्सने 1945 मध्ये आफ्रिकेतल्या बांतू लोकांच्या तत्त्वज्ञानावर पुस्तक लिहिलं, भाव अगदी सहानुभूतीचा. पुढे बेनिनच्या तत्त्वज्ञ पोलँ हुंतोंजीने त्याची चामडी सोलली. त्याचं म्हणणं, या पुस्तकात सगळी जमात एकच विचार करते, कुणी कुणाशी भांडत नाही; मग याला तत्त्वज्ञान का म्हणायचं? आफ्रिकनांची बाजू घेऊन लिहिलेल्या पुस्तकाला एका आफ्रिकन तत्त्वज्ञानेच आडवं केलं. 'भारतीय तत्त्वज्ञान असं सांगतं' हे वाक्य ऐकलं की मला हुंतोंजी आठवतो. मीमांसक कुमारिल, बौद्ध नागार्जुन, नास्तिक चार्वाक यांचं एकमेकांशी एका गोष्टीवर एकमत करून दाखवा, मिसळ माझ्याकडून.

जुना नाशिककर (धागाकर्ता)

त्रिरश्मी, क्या बात! दरायसवरचा चहांचा आक्षेप वजनदार आहे, पण त्यावरचा उपाय कुंपण नव्हे. 1983 मध्ये पुण्यात तत्त्वज्ञ दया कृष्ण, मे. पुं. रेगे वगैरेंनी नैयायिक (न्यायदर्शनाचे) पंडित आणि इंग्रजीतून शिकलेले तत्त्वज्ञ समोरासमोर बसवले. इंग्रज तत्त्वज्ञ रसेलची प्रपोझिशनची (विधानाची) कल्पना संस्कृतात मांडली आणि पंडितांना विचारलं, यात तुम्हाला काय खटकतं? आणि त्यांना खटकलं! इथे बादशहा कुणीच नव्हता. पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, समोरच्याला मान्य होईल असा मांडायचा आणि मग त्यावर तुटून पडायचं, हे आपल्याकडचंच शास्त्र. व्याख्यानात कांटला दोन मिनिटांत गार करणाऱ्यांनी तेवढं तरी पाळावं.

दुपारचा चहा

पुण्याचा प्रयोग मलाही मान्य. पण तिथे पंडित त्यांच्या शास्त्रात तयार होते म्हणून त्यांना खटकू शकलं. आज न्यायदर्शनाचं एक सूत्र लावता येत नाही अशा पोरांच्या हातात आपण थेट फ्रेंच विचारवंत फुको देतो. त्यांना काय खटकणार? आधी घरचं नीट शिकवा, मग दारं-खिडक्या सताड उघडा. हा क्रम मी सोडणार नाही.

मेनरोडची पोरगी

'आधी घरचं' याच नावाखाली तुकोबा, जोतीराव शेवटच्या प्रकरणात जातात आणि सेमिस्टर संपतं.

सातपूर एमआयडीसी

पॉपकॉर्न संपले, आता एक विचारतो. सिंहस्थ तोंडावर आलाय. रामकुंडाच्या तळाच्या काँक्रीटवरून इथे वर्षानुवर्षं वाद चालू आहेत. गोदावरी तीर्थ आहे की पाणीपुरवठा आहे की सांडपाण्याची वाट, यावर तुमच्या परंपरांकडे काही आहे का?

त्रिरश्मी

आहे की. मार्च 2017 मध्ये न्यूझीलंडच्या संसदेने वांगानुई नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा दिला. तिथल्या माओरी जमाती मानतात की आम्ही आणि नदी वेगळे नाही; त्यांनी शंभरावर वर्षं भांडून ते कायद्यात आणलं. त्याच महिन्यात उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला तोच दर्जा दिला आणि जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. राज्य सरकारची अडचण अशी की पुरात नुकसान झालं तर भरपाई नदीकडून मागायची की तिच्या पालकांकडून?

दुपारचा चहा

बघा! देवाला कायद्याने व्यक्ती मानणं आपल्याकडे कोर्टात केव्हाचं चालतं. नदीपर्यंत यायला आपल्याला माओरी कशाला हवेत?

मेनरोडची पोरगी

हवेत. वांगानुईच्या वतीने बोलायला दोन माणसं नेमतात, एक जमातींच्या बाजूने आणि एक सरकारच्या. आपल्याकडे देवाच्या वतीने कोण बोलत आलं ते 1930 ला काळारामाच्या दारात दिसलं. गोदावरीला व्यक्ती करायचं तर जरूर करा, पण तिच्या वतीने सही कोण करणार ते आधी लिहून द्या.

सातपूर एमआयडीसी

आणि त्या दोघांत एक तरी नदीकाठी राहणारा घ्या. बाकीचे पर्वणीपुरते येतात.