‘म्हापसा’ टाइप करून बघा
मजकूर लिहायच्या एडिटरच्या सगळ्या चाचण्या हिरव्या (पास) झाल्या म्हणजे नवी सोय द्यायला हरकत नाही, असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय. चाचण्यांत मजकूर कुठला होता? आम्ही पणजीत कर्सर हलवण्याचा कोड बदलला तेव्हा सगळं इंग्रजीतच तपासलं होतं. मग एकीने कॉमेंटमध्ये ‘म्हापसा’ लिहिलं आणि कर्सर ‘म्हा’च्या पोटात अडकला! दिसायला अक्षरं 3, पण युनिकोडचे (संगणकात अक्षरांना क्रमांक देणारी प्रमाण पद्धत) कोडपॉइंट, म्हणजे म, हलन्त, ह, काना असे सुटे तुकडे, 7. त्यात युनिकोड 15.1 पासून (2023) देवनागरी जोडाक्षर एकच गट धरलं जातं. त्याआधीच्या नियमाने ‘म्’ आणि ‘हा’ वेगळे. म्हणजे ब्राउझर जुना असेल तर अक्षर कुठे संपतं याचं उत्तरही वेगळं. बॅकस्पेसने मात्र अख्खं जोडाक्षर उडवू नका, शेवटचा कानाच पुसा. टाइप करणाऱ्याला तेच हवं असतं.