चोरून चॅट वाचण्याबद्दल
मुलांवर लक्ष ठेवायला त्यांचे चॅट गुपचूप वाचा, असा सल्ला पालकांना दिला जातो. तो मला पटत नाही. पकडले गेलात की पोर दुसरं अकाउंट काढून मोकळं. फॅमिली लिंक (मुलांच्या फोनवर लक्ष ठेवायचं गूगलचं अ‍ॅप) लावायचंच तर त्याच्यादेखत लावा. आपण व्हॉट्सअ‍ॅप चाळत बसतो आणि अनोळखी माणूस येतो गेममधल्या चॅटमधून: "डायमंड देतो, फोटो पाठव." (डायमंड म्हणजे गेममधले पैसे.)

मुलाकडून खाजगी फोटो गेलाच असेल आणि त्यावरून धमक्या येत असतील, तर आधी ओरडू नका (ओरडायला पुढे अख्खं आयुष्य आहे). घाबरून चॅट डिलीट करू नका. धमकीच्या मेसेजचे, प्रोफाइलचे स्क्रीनशॉट ठेवा. पैसे अजिबात देऊ नका. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. मुलांचे असे फोटो इंटरनेटवरून काढायला 'टेक इट डाउन' ही मोफत सेवाही आहे: फोटो फोनमध्येच राहतो, फक्त त्याचा डिजिटल ठसा (फोटोवरून तयार होणारा सांकेतिक क्रमांक) सेवेकडे जातो, त्यावरून सहभागी साइट्स तो शोधून काढून टाकू शकतात.